टायफॉइड गेला, कंबर राहिली: मणक्यात शिरलेल्या इन्फेक्शनची एक केस

पेशंट ४६ वर्षांचे, मशीनवर दिवसभर उभं राहून काम. कंबर दुखते म्हणून आमच्या ऑर्थोच्या ओपीडीत आले तेव्हा दुखणं सुरू होऊन साडेतीन आठवडे झाले होते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी आजार जसा चालला आणि आम्ही जिथे जिथे अडखळलो तसंच लिहितोय.

आता कंबरदुखी म्हणजे ओपीडीत रोजचंच. दहातले नऊ जण स्नायू आखडल्याचे नाहीतर गादी सरकल्याचे, गोळ्या, पट्टा, व्यायाम, झालं. यांनाही बाहेर तेच मिळालं होतं, पट्टा होता, शेक झाला होता, एक्सरे काढला होता तो नॉर्मल होता, आणि पॅरासिटामॉल-डायक्लोफेनॅकची जोडगोळी दिवसातून तीनदा चालू होती. त्यात वावगं काही नाही, मीही कदाचित तेच दिलं असतं. पण त्यांचं एक वाक्य खटकलं. "डॉक्टर, आडवं पडलं की जास्त ठणकतं, रात्री दोन वाजता उठून बसतो मी." यांत्रिक, म्हणजे स्नायू-गादीची, कंबरदुखी झोपल्यावर कमी होते, ही उलटी चालत होती. आराम केला तरी थांबत नाही आणि रात्री झोपू देत नाही अशी कंबर दिसली की इन्फेक्शन किंवा गाठ या दोन गोष्टी डोक्यात यायलाच पाहिजेत.

ताप येतो का विचारलं तर "नाही". वजन? "थोडं कमी झालंय बहुतेक, पँट सैल होते." पूर्वी काही मोठा आजार? "नाही." शुगर, बीपी? "कधी तपासलंच नाही." हे सगळे 'नाही' मी केसपेपरवर लिहून टाकले, आणि त्यातला एक 'नाही' आम्हाला पुढे आठवडाभर चुकीच्या दिशेला घेऊन गेला, ते येईलच.

तपासताना फाईलमधून एक्सरेचं पाकीट खाली पडलं. सरळ माणूस कमरेत वाकून उचलतो. यांनी एक हात मांडीवर टेकवला, पाठ काठीसारखी ताठ ठेवली आणि गुडघ्यात वाकत वाकत खाली गेले, उठताना परत मांडीवर हात ठेवत ठेवत वर. माझं अर्धं क्लिनिकल तिथेच झालं. मग मणक्यांवर एकेक करून हलकं ठोकून बघितलं, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यावर आलो तसे ते अख्खे दचकले. पायातली ताकद ठीक, संवेदना ठीक, लघवी-संडासचा त्रास नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण त्यावरच ठरतं की आपल्याकडे विचार करायला वेळ आहे की नाही.

रक्तात हिमोग्लोबिन १०.८, पांढऱ्या पेशी ७,४०० म्हणजे एकदम नॉर्मल, ईएसआर ९२, सीआरपी ७८, हे दोन्ही अंगातली सूज दाखवणारे आकडे, बरेच वाढलेले. पांढऱ्या पेशी नॉर्मल म्हणून इन्फेक्शन नाही असं समजणारे अजूनही भेटतात, मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये त्या आकड्यावर अजिबात जाऊ नये. आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टेस्ट, ९.४! म्हणजे माणूस किती दिवस डायबेटिस घेऊन फिरत होता कुणास ठाऊक. तापाचं कोडंही सुटलं, दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल पोटात जात असेल तर थर्मामीटर बिचारा काय दाखवणार. वॉर्डमध्ये घेऊन गोळ्या एक दिवस थांबवल्या, संध्याकाळी १००.४ आला.

एक्सरे नॉर्मल होता त्याचंही आश्चर्य वाटायचं कारण नाही. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्सरेवर खड्डा दिसत नाही, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे, मणक्यात तर त्याहून जास्त, एक्सरे खुशाल 'सगळं ठीक' म्हणतो. एमआरआय केला. तिसऱ्या-चौथ्या लंबर मणक्यांच्या मधली डिस्क पाणी भरल्यासारखी चमकत होती, दोन्ही बाजूच्या मणक्यांच्या कडा सुजलेल्या, मणक्यालगतच्या डाव्या सोआस स्नायूत छोटा पू, आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर थोडी सूज, पण नसांवर दाब नाही.

रिपोर्टच्या तळाशी ओळ होती: इन्फेक्टिव्ह स्पॉन्डिलोडिस्कायटिस (मणका आणि डिस्कचं इन्फेक्शन), टीबीची शक्यता जास्त.

इथून खरी गंमत सुरू झाली. वजन उतरलेला, शुगर वाढलेला, ईएसआर ९० च्या वर, सोआसमध्ये पू, असा पेशंट समोर असला की आमच्या लोकांचा हात आपोआप टीबीच्या औषधांकडे जातो. राउंडला तीनपैकी दोघं म्हणाले एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू, वेळ कशाला घालवायचा. मला स्वतःला ६० टक्के टीबीच वाटत होता, खोटं कशाला बोलू. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. टीबी डिस्कला बऱ्याच उशिरापर्यंत सांभाळून असतो, त्याचा मुख्य मारा मणक्यावर, आणि पू पातळ भिंतीच्या मोठ्या पिशवीसारखा लिगामेंटखालून लांबपर्यंत पसरतो. इथे डिस्कच आधी गेलेली, पू छोटासा. साडेतीन आठवड्यांत डिस्कची अशी वाट लावणारा प्राणी बहुतेकदा साधा पू करणारा बॅक्टेरिया असतो. पण 'बहुतेकदा' या शब्दावर कुणाला नऊ महिने-वर्षभराची टीबीची औषधं चालू करायची की नाही हे ठरवता येत नाही.

सरांनी एकच विचारलं, पायात ताकद आहे? आहे. अंगात सेप्सिस आहे? नाही. मग एकही अँटिबायोटिक नको, आधी सुई. हे ऐकायला धोकादायक वाटतं, पेशंटच्या नातेवाइकांना तर फारच, इन्फेक्शन आहे म्हणता आणि औषध देत नाही म्हणजे काय! पण मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये पेशंट स्थिर असेल, नसांवर परिणाम नसेल तर जंतू सापडेपर्यंत अँटिबायोटिक थांबवणं हाच आता मान्य रस्ता आहे. सीटी गायडेड बायोप्सीत, म्हणजे सीटीवर बघत सुईने तुकडा काढण्यात, जंतू मिळण्याचं प्रमाण तसंही निम्म्याच्या आसपास, त्यात आधी दोन डोस दिलेले असतील तर उरलेली आशाही गेली.

बायोप्सीच्या टेबलवर एक प्रसंग घडला तो सांगतोच, कारण हे जगभर कुठेही घडू शकतं. मणक्यातून दोन बारीक काड्यांएवढे तुकडे आले आणि सोआसमधून जेमतेम तीन मिली पिवळसर पू. ट्रेमध्ये दोन डब्या होत्या, एकीत नॉर्मल सलाईन, एकीत फॉर्मलिन. आमच्या ज्युनियरने सवयीप्रमाणे दोन्ही तुकडे चिमट्यात धरून फॉर्मलिनच्या डबीकडे नेले. फॉर्मलिनमध्ये बुडलेल्या तुकड्यात जंतू मरतो, मग पॅथॉलॉजीला पेशी दिसतील पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, शून्य. सिस्टरनी "थांबा थांबा" म्हणून मनगटच धरलं त्याचं. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, एक सलाईनमध्ये, पू सिरिंजमधून निर्जंतुक बाटलीत. या केसचं निदान खरं तर त्या सिस्टरनी केलंय असं मी म्हणतो, सर हसतात.

पाठवलं ते असं: ग्राम स्टेन, साधं कल्चर, टीबीचा स्मिअर, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट), टीबीचं लिक्विड कल्चर, फंगस, आणि हिस्टोपॅथॉलॉजी. शिवाय रक्ताचे दोन कल्चर. सीबीनॅट त्याच दिवशी निगेटिव्ह आलं. ग्राममध्ये पस सेल्स भरपूर, जंतू दिसत नाही. म्हणजे अजून काहीच सिद्ध नाही, सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून मणक्यातला टीबी नाकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमचा फोन. "तुमच्या पुवात काहीतरी आलंय, खाली या." जंतू वाढवायची मॅकॉन्की प्लेट त्यांनी उजेडात धरली होती. ई-कोलाय असता तर वसाहती गुलाबी दिसल्या असत्या, कारण तो लॅक्टोज खातो. या फिक्कट, पाण्याच्या थेंबासारख्या, रंगच नाही. "लॅक्टोज न खाणारा आहे," त्या म्हणाल्या, "उद्या सांगते." तिसऱ्या दिवशी साखर आणि लोहाच्या मिश्रणाची ट्यूब दाखवली, वर लाल, खाली पिवळी, गॅसचा एकही बुडबुडा नाही, आणि मधोमध, जिथे सुई टोचली तिथे, मिशीच्या कोरेसारखी बारीक काळी रेघ. मॅडमच्या तोंडावर ते हसू होतं जे वर्षातून दोनदा येतं. स्लाईडवर अँटिसीरम घालून गुठळ्या झाल्या. साल्मोनेला टायफी.

टायफॉइड. कमरेच्या मणक्यात.

मी तसाच वॉर्डमध्ये गेलो आणि परत विचारलं, काका, गेल्या काही महिन्यांत मोठा ताप येऊन गेला होता का? ते "नाही हो" म्हणायच्या आत शेजारी स्टुलावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, तो टायफॉइड नाही का झाला होता? बारा दिवस अंथरुणात होतात की!" काकांचं उत्तर मी कायम लक्षात ठेवणार आहे: "तो तर बरा झाला ना. डॉक्टर आजाराबद्दल विचारतायत."

त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. माझ्या प्रश्नाचीच चूक. 'मोठा आजार' म्हटलं की लोकांना ऑपरेशन नाहीतर हार्ट अटॅक आठवतो. गोळ्या घेऊन बरा झालेला ताप त्या यादीत येतच नाही. आता मी विचारताना "गेल्या वर्षभरात आठवडाभर अंथरुणात होतात असा कुठला ताप?" असं विचारतो, आणि शक्यतो घरातलं दुसरं माणूस समोर असताना.

मग हिशोब लागला. ताप कंबर दुखायला लागायच्या साधारण सात आठवडे आधीचा. विडाल या रक्ताच्या टेस्टवर निदान झालेलं, ब्लड कल्चर नाही, सेफिक्झिमच्या गोळ्या चालू केल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला तसा काकांनी कोर्स तिथेच सोडला. विडाल टेस्ट १८९६ ची आहे हो! जुनं इन्फेक्शन, लस, दुसरेच ताप, कशानेही ती पॉझिटिव्ह येते, आणि तिच्यावर झालेल्या निदानात जंतूच हातात नसल्यामुळे त्याला कुठलं औषध लागू पडतं हेही कळत नाही. कोर्स अर्धवट सोडला म्हणूनच हाडात गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पूर्ण कोर्स घेऊनही असं होतं. पण मदत नक्कीच झाली नसेल.

हाडात हा जातो कसा? टायफॉइडला आपण आतड्याचा ताप समजतो पण तो मुळात रक्तातून फिरणारा आजार आहे. जंतू आतड्याच्या भिंतीतून आत घुसतो, मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, आणि हा बहाद्दर त्यांच्या पोटातच राहतो, वाढतो, त्यांच्याच गाडीत बसून लिव्हर, प्लीहा, पित्ताशय आणि बोन मॅरोमध्ये उतरतो. मॅरोमध्ये तर त्याचं इतकं बस्तान असतं की ज्या टायफॉइडच्या पेशंटचं ब्लड कल्चर निगेटिव्ह येतं, त्यातल्या पुष्कळांचं मॅरो कल्चर पॉझिटिव्ह येतं, अगदी अँटिबायोटिक चालू असताना सुद्धा. म्हणजे हाडाच्या आत तो जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये जाऊन येतो. मग खरा प्रश्न असा की सगळ्यांनाच हाडाचं इन्फेक्शन का होत नाही. होतं ते १ टक्क्याहूनही कमी जणांना. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती तिथे साफसफाई करते. जिथे ती लंगडी पडते, म्हणजे डायबेटिस, स्टेरॉइड, एचआयव्ही, तिथे दोन-चार जंतू मागे राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी, काही केसेसमध्ये कित्येक वर्षांनी डोकं वर काढतात. मणक्यात दोन मणके आणि मधली डिस्क असं एकदम का सापडतं, तर एकाच धमनीच्या फांद्या वरच्या मणक्याच्या खालच्या कडेला आणि खालच्याच्या वरच्या कडेला जातात.

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यातला सगळ्यात बदनाम धोका. त्यात प्लीहा निकामी झालेली, आतड्याच्या अस्तरात बारीक बारीक रक्तपुरवठा तुटलेला म्हणून जंतूला दार उघडं, आणि हाडात मेलेले तुकडे आयते पडलेले. म्हणून हाडात साल्मोनेला सापडला की सिकल सेल बघायचाच. काकांची सिकलिंग टेस्ट निगेटिव्ह, एचआयव्ही निगेटिव्ह. आरोपी एकटा डायबेटिस.

तसं हे काही नवीन नाही. व्हर्जिल गिबनी या अमेरिकन ऑर्थो सर्जनने १८८९ मध्येच 'टायफॉइड स्पाइन' असं नाव दिलेलं. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक १९४८ ला टायफॉइडसाठी वापरात आलं, त्याच्याआधी ताप तीन-चार आठवडे अंगात रेंगाळायचा, तेव्हा बरगड्या, नडगी, मणके यांच्यातला टायफॉइड जुन्या डॉक्टरांना चांगला ओळखीचा होता. आपण औषधांमुळे विसरलो, इतकंच.

आणखी एक तपासणी केली जी लोक विसरतात: महाधमनी. साल्मोनेला, विशेषतः टायफॉइड नसलेले प्रकार, पन्नाशीपुढच्या माणसाच्या जाड झालेल्या एओर्टाच्या भिंतीत बसतात आणि तिथे फुगा करतात. तो फुगा लंबर मणक्यांच्या अगदी पुढ्यात असतो. कधीकधी मणक्यातलं इन्फेक्शन म्हणजे त्या फुग्यातून आलेला शेजारधर्म असतो. काका ४६ चे, जंतू टायफी, शक्यता कमीच, पण कॉन्ट्रास्ट सीटीत बघून घेतलं. स्वच्छ होतं. फुगा असता आणि आम्ही सुई मारत बसलो असतो तर, जाऊ दे.

सेन्सिटिव्हिटी आली. अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, सेफ्ट्रायाक्झोन, अझिथ्रोमायसिन चालतील. सिप्रोफ्लॉक्सासिन रेझिस्टंट. हा मोठा धक्का, कारण सिप्रो तोंडाने देता येते, हाडात छान शिरते, पेशीच्या आतही जाते, पूर्वी या केसला डोळे झाकून तीच दिली असती. मॅडमनी बजावलं की साल्मोनेलासाठी सिप्रोचा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण, ०.०६ किंवा कमी असेल तरच सेन्सिटिव्ह म्हणायचं, बाकी जंतूंचा जुना सैल नियम इथे लावला तर रिपोर्ट छान येतो आणि पेशंट बरा होत नाही. त्यांनी अमिकासिनचा निकाल रिपोर्टमध्ये दिलाच नव्हता. ज्युनियरने विचारलं का नाही, तर उत्तर असं की प्लेटवर अमिकासिन या जंतूला मारते, माणसात मारत नाही, कारण जंतू पेशीच्या आत लपलेला आणि अमिकासिन आत जात नाही. छापलं की कुणीतरी देतं, म्हणून छापतच नाही.

सेफ्ट्रायाक्झोन २ ग्रॅम दिवसातून एकदा शिरेतून, सहा आठवडे. आठवड्याने पीआयसीसी लाइन (हाताच्या शिरेतून आत टाकलेली लांब नळी) टाकून घरी सोडलं, रोज डोस घ्यायला येत. इन्सुलिन चालू. कमरेला पक्का पट्टा. ऑपरेशन केलं नाही, नसांवर दाब नाही, मणका घसरत नाही, पू छोटा आणि सुईने काढून झालेला, मग उघडायचं कशाला? रक्ताचे दोन्ही कल्चर निगेटिव्ह, हिस्टोपॅथॉलॉजीत टीबीत दिसतात तशा गाठी नाहीत, नुसती सूज आणि मेलेलं हाड. म्हणजे तो तीन मिली पू आणि सलाईनमधला एक तुकडा नसता तर सगळी फाईल 'टीबी असावा' याच ओळीवर चालली असती.

सीआरपी दोन आठवड्यांत ७८ वरून ३१, चौथ्याला ९. ईएसआर मात्र हट्टी, ५४ वर अडलेलं, ते तसंच असतं, त्याच्यामागे पळू नये. काकांची रात्रीची झोप दहाव्या दिवशी परत आली आणि माझ्या लेखी तो सगळ्यात खरा रिपोर्ट. नातेवाइकांना मध्येच परत एमआरआय हवा होता. मी नाही म्हणालो. पेशंट सुधारत असताना पहिल्या महिन्यात एमआरआय केला तर तो बऱ्याचदा आधीपेक्षा वाईट दिसतो, हाडाची सूज मागाहून ओसरते, आणि ते चित्र बघून सगळे घाबरून औषध बदलतात.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी एक घोळ झाला. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून आले, सोनोग्राफीत पित्ताशयात गाळ. माझ्या पोटात गोळा आला, कारण टायफी दडून बसायची आवडती जागा म्हणजे पित्ताशय, १ ते ५ टक्के लोक तिथूनच कायमचे कॅरियर होतात, खडे असतील तर जास्तच. पण ॲडमिट करतानाच्या सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ होतं, ती केलेली होती म्हणून वाचलो. सेफ्ट्रायाक्झोन पित्तातून बाहेर पडते आणि तिथे कॅल्शियमबरोबर साका धरते, औषध थांबवलं की तो विरघळतो. ताप नव्हता, लिव्हर ठीक होतं, म्हणून दोन आठवडे लक्ष ठेवून पूर्ण केले. कोर्स संपल्यावर महिन्याभराने गाळ गायब.

शिरेतलं संपल्यावर को-ट्रायमॉक्साझोल तोंडाने आणखी सहा आठवडे दिलं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघत बघत. यावर आमच्यातच एकमत नव्हतं, सरांच्या मते सहा आठवडे पुरे, मी डायबेटिस आणि मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची उरलेली सूज बघून लांबवलं. परत केलं तरी तसंच करेन. औषधं पूर्ण थांबल्यानंतर अंतराअंतराने तीन स्टूल कल्चर, तिन्ही निगेटिव्ह.

टीबीच्या लिक्विड कल्चरचा ४२ दिवसांचा निगेटिव्ह रिपोर्ट आला तो सेफ्ट्रायाक्झोनच्या शेवटच्या डोसच्या आदल्या दिवशी. एव्हाना काका जिना चढत होते.

सहा महिन्यांच्या एक्सरेत तिसरा आणि चौथा मणका एकमेकांना जुळायला लागलेत, मधली डिस्क गेली ती गेलीच. वाकताना कंबर तिथे अडते, बूट घालायला अजून स्टूल लागतं. एचबीएवनसी ६.९. मशीनवर परत उभे राहतात, पण वजन उचलायचं काम मी वर्षभर बंद ठेवलंय आणि त्यावरून दर व्हिजिटला आमची जुंपते.